टॅबवर मी ठणठणीत

"ताई, तुमची डावी किडनी सुजली आहे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "पायलोनेफ्रायटिस म्हणतात याला. लघवीतले जंतू वर चढत चढत किडनीपर्यंत पोचलेत. आजच ॲडमिट व्हायचं."

मग त्यांनी माझी फाइल चाळली आणि एका पानावर थांबल्या. हिरव्या चौकटीचं ते पान मला लांबूनही ओळखू आलं. "पण अकरा दिवसांपूर्वी तुमचा स्कोअर अठ्ठेचाळीसपैकी पाच आहे. त्याच्या आधीही पाच. सौम्य." परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाहेर एप्रिलचं ऊन रटरटत होतं आणि मला हुडहुडी भरली होती. आमच्या ह्यांनी अंगावर दोन चादरी टाकल्या होत्या, तरी दात वाजत होते. 'सौम्य' ऐकून मला हसू आलं. हसताना कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काळोख झाला.

हे लिहायला बसले याचं कारण एवढंच, की हा स्कोअर काढणारा टॅब तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात येणार आहे. उत्तरं देण्याआधी माझी गोष्ट वाचून घ्या. मी लेखिका नाही. रागानं लिहिते आहे, तेव्हा कुठे जास्त बोलले तर ऐकून घ्या.

माझं नाव लता. वय अठ्ठेचाळीस. अंबडला एका कंपनीत कंत्राटावर आहे. आम्ही गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधतो. लांबलचक बोर्ड, त्याच्या कडेनं आम्ही आठ जणी. प्रत्येकीच्या वाट्याला ठरलेल्या रंगाच्या वायरी. बोर्ड हळूहळू पुढे सरकत राहतो. एक जण गेली की तिच्या वायरी शेजारणीला लावाव्या लागतात, आणि दोघी गेल्या तर बोर्ड थांबतो. म्हणून बाथरूमला एका वेळी एकीनंच जायचं. त्यासाठी पास आहे. लाल प्लास्टिकची पाटी, तिला दोरी. सुपरवायझरच्या टेबलामागे खुंटीवर लटकलेली असते. आठ जणींना मिळून एक पास. तो साहेबांनी द्यायचा, आल्यावर परत खुंटीवर लावायचा, मग दुसरीनं मागायचा.

आता यात आम्ही बायकांनी आमचा एक नियम केला. जिची पाळी चालू असेल तिला पास आधी. मग कुणी पोटुशी असेल तर ती. मग बाकीच्या. हा नियम कुणी लिहून दिला नाही, पण गेली सात-आठ वर्षं तो कुणी मोडलेलाही नाही. त्याचा मला अजूनही अभिमान आहे. माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे माझा नंबर सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा तो यायच्या आत जेवणाची सुट्टी व्हायची आणि तिथे तर सगळ्या कंपनीची रांग.

मग यावर उपाय काय? पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, डबा खाताना दोन घोट, बास. पुढचं पाणी घरी गेल्यावर, तेही बेतानं, कारण उशिरा प्यालं की झोप मोडते. आम्ही याला 'कोरडं राहायचं' म्हणायचो. एखादी नवीन मुलगी लायनीवर आली की तिला वायरींचे रंग शिकवायचं काम साहेबांचं आणि कोरडं राहायला शिकवायचं काम माझं. "पहिले आठ दिवस जीभ सुकते, मग सवय होते," मी सांगायचे. रंजनाला मीच शिकवलं. रंजना माझ्या शेजारी उभी राहते, तिशीतली आहे, बोलायला चटपटीत. "ताई, तुम्ही उंटाच्या घरात जन्माला यायच्या," असं ती मला चिडवायची, आणि मला ते कौतुक वाटायचं.

त्रास सुरू झाला तो जळजळीनं. लघवी करताना आग, ओटीपोटात जडपणा. जुडग्यांचा क्रेट उचलला की दोन थेंब निसटायचे. त्यासाठी मी जुन्या सुती साडीच्या घड्या करून ठेवल्या होत्या. घरच्या घरी धन्या-जिऱ्याचं पाणी केलं, ते फक्त रविवारी प्यायचे, कारण रविवारी पास लागत नाही. असे चारपाच महिने काढले.

मग एक दिवस पवार साहेबांना, म्हणजे आमच्या सुपरवायझरना, मी सांगितलं की मला शिफ्टमध्ये दोनदा तरी नंबराबाहेर पास द्या. माणूस वाईट नाही. खाली बघून म्हणाले, "लताताई, तुम्हाला सोडलं तर उरलेल्या सात जणी माझ्यापुढे उभ्या राहतील. डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मी वर दाखवतो, मग तुम्ही कधीपण जा."

तर मी हॉस्पिटलात गेले ती औषधासाठी नाही. चिठ्ठीसाठी गेले. 'हिला गरज पडेल तेव्हा लघवीला जाऊ द्यावे' एवढी एक ओळ आणि खाली शिक्का, एवढंच मला पाहिजे होतं.

ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल आहे. तिथे गुरुवारी बायकांच्या लघवीच्या तक्रारींची वेगळी ओपीडी असते. बाकावर बसले तर टॅब घेऊन एक मुलगी जवळ आली. अश्विनी. आमच्या मोठीच्या वयाची, बोलायला गोड. ती म्हणाली की बाहेरच्या देशात तयार झालेली एक प्रश्नावली आहे, तिचं मराठी केलंय, आणि ते मराठी आपल्या बायकांना नीट लागू पडतं का ते तपासायचं काम चाललंय. त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. वजनकाट्यावर आधी ठाऊक असलेलं वजन ठेवून काटा बरोबर आहे का बघतात ना, तसंच काहीसं, हे मला नंतर कळलं. टॅबवर उत्तरं द्यायची, पंधरा दिवसांनी पुन्हा तीच उत्तरं द्यायची. "याचा तुमच्या उपचाराशी काही संबंध नाही हं," तिनं सांगितलं आणि संमतीपत्रावर सही घेतली. तसं त्यात छापलेलंही होतं.

मराठी छान होतं, खोटं कशाला बोलू? आधी म्हणे 'मूत्रविसर्जनाची वारंवारिता' असलं काहीतरी होतं. बायका टॅब परत द्यायच्या, चश्मा विसरला म्हणायच्या. मग या लोकांनी सहा महिने बसून शब्द घासूनपुसून सोपे केले. एकही प्रश्न मला अडला नाही. तेव्हा भाषांतर चुकलं असं कुणी म्हणू नये.

दिवसभरात लघवीला किती वेळा जाता? पहिलाच पर्याय 'एक ते सहा वेळा'. मी जायचे तीनदा. दाबलं. रात्री किती वेळा उठता? एकदाही नाही. बाथरूमला पोचायच्या आत लघवी होते का? नाही, कारण आत काही नसायचंच. बाहेरचे कपडे भिजतात का? नाही, घडी असते ना. पॅड वापरता का? नाही. रोजच्या कामावर परिणाम होतो का? हा प्रश्न वाचून मी ताठ बसले. वर्षभरात माझा एक खाडा नाही. 'अजिबात नाही' दाबलं. जळजळीला आणि दुखण्याला 'कधी कधी' दाबलं, तेवढेच काय ते मार्क मिळाले.

शेवटी शून्य ते दहा असा एक पट्टा होता, या सगळ्याचा तुम्हाला किती त्रास होतो? मी एकवर बोट ठेवलं. अश्विनीनं विचारलं, "नक्की ना ताई?" मी म्हटलं, नक्की. त्रास होऊ नये म्हणून तर सगळी तजवीज केली होती, मग त्रास कुठून येणार? प्रत्येक उत्तर खरं दिलं. देवाशपथ खरं.

शेजारच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईंची उत्तरं त्यांचा मुलगा भरत होता. "आई, गळतं का तुला?" हे त्याला विचारवेना आणि तिला सांगवेना. त्यानं आपलं भराभर 'नाही, नाही, नाही' दाबलं आणि दोघं सुटल्यासारखे उठले. मला त्यांची कीव आली. मी तर स्वतः भरलं होतं.

आत नर्सबाईंनी ते छापील पान माझ्या केसपेपरच्या वर स्टेपल केलं. का केलं? कारण केसपेपरवरचं डॉक्टरी अक्षर कुणाला लागत नाही आणि हे पान स्वच्छ छापलेलं होतं, वर हिरवी चौकट. तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच वाचलं. लघवी तपासली, थोड्या पस सेल्स होत्या, म्हणजे पू. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. "पाणी भरपूर प्या," असं ते फाइलमध्ये बघत म्हणाले आणि मी मान डोलावली. मी पीत का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, हेही लिहिते.

चिठ्ठीचं काढलं तर म्हणाले, "पाच स्कोअरवर चिठ्ठी कशी देऊ? कंपनीतून उलटा फोन आला तर मी काय दाखवू? उत्तरं तुमचीच आहेत ना?"

माझीच होती.

गोळ्यांनी आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा आग. पंधरा दिवसांनी परत गेले. मनात म्हटलं, आता दुसऱ्यांदा बघतील तर चिठ्ठी देतील. पुन्हा टॅब. माझं जगणं काही बदललेलं नव्हतं, त्यामुळे उत्तरंही बदलली नाहीत. दोन्ही वेळची उत्तरं जुळतात का, हे बघण्याला ते टेस्ट-रीटेस्ट म्हणतात. अश्विनीचा चेहरा उजळला. "ताई, एकही उत्तर हललं नाही! किती जणींचं दुसऱ्या वेळी काहीच्या काही येतं. तुमच्यासारखी एकच मिळाली." मला शाबासकी मिळाली. आत डॉक्टरांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. चिठ्ठी मिळाली नाही.

घरी येताना मी ठरवलं की आता आणखी कडक राहायचं. डबा खातानाचे दोन घोटही बंद. याच्यापेक्षा मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केला नसेल, पण त्या दिवशी मला तो शहाणपणा वाटला. अकराव्या दिवशी लायनीवर उभी असताना कमरेच्या डाव्या बाजूला कुणीतरी सळई घालावी तसं झालं. ओकारी आली. निळी वायर पांढऱ्याच्या जागी गेली, रंजनानं ती काढली आणि मला धरलं. तापाचं अंग तिच्या हाताला लागलं आणि ती ओरडली.

पुढचं वर सांगितलंच आहे.

आठ दिवस वॉर्डात होते. पहिले तीन दिवस मला फारसे आठवत नाहीत, नुसती थंडी आणि घाम. दर आठ तासांनी शिरेतून इंजेक्शन. युरिन कल्चर केलं, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून बघतात की तो कुठल्या औषधाला दबतो. आधी घेतलेल्या गोळ्यांना तो दबत नव्हता, असं निघालं. क्रिएटिनिन वाढलं होतं. रक्तातला तो आकडा किडनी किती काम करते ते सांगतो. सोनोग्राफी झाली. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या, "किडनी वाचली आहे. पण तिच्यावर व्रण राहील. हे पुन्हा झालं तर मी शब्द देणार नाही. लघवी तुंबवायची नाही आणि दिवसाला तीन लिटर पाणी, समजलं?"

समजलं. पण तीन लिटर पाणी प्यायचं आणि आठ जणींत एक पास. मला आता चिठ्ठी पाहिजे होती ती सोयीसाठी नाही, किडनीसाठी.

सासूबाई वणीकडच्या खेड्यातून आल्या होत्या माझ्यापाशी बसायला. त्यांना पासाची हकीकत सांगितली तर त्यांना खरंच वाटेना. "म्हंजी मुतायला बी परवानगी?" त्या म्हणाल्या. "आमी वावरात आडोशाला जायचो. लय काम असायचं, पन कुनाला इचारायचं नाय. शिकल्यासवरल्या तुमी आन ही तऱ्हा?" पलीकडच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. त्यांच्या त्या आडोशालाही उजाडायच्या आत जावं लागायचं, हे त्यांनीच मला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. म्हातारपणी सगळं बरंच आठवतं.

पाचव्या दिवशी अश्विनी आली. हातात रेकॉर्डर. व्हॅलिडेशनचा पुढचा भाग म्हणे बोलायचा असतो, प्रत्येक प्रश्न बाईला काय समजला ते विचारायचं. तिला माझं हे झाल्याचं आधी माहीत नव्हतं. वॉर्डाच्या यादीत नाव दिसलं म्हणून आली. सलाइनच्या नळीला धक्का न लावता ती खाटेच्या कडेला बसली. मग कामाचं म्हणून तिनं पहिला प्रश्न वाचला. "दिवसभरात लघवीला किती वेळा जाता, यातून तुम्हाला काय अर्थ समजला?"

आणि माझं डोकं सटकलं. "अर्थ बरोबर समजला गं. किती वेळा जाता हे विचारलंस, मी सांगितलं. जायला मिळतं का, हे कुठं विचारलंस? पाणी पिता का, हे कुठं विचारलंस? मी काय भाजीपाला आहे का, कोरडा दिसला म्हणजे टिकला?"

ती घाबरली. मग हळूच तिनं विचारलं, "ताई, पाणी किती पीत होता तुम्ही?"

मी सांगितलं. पासाचं सांगितलं, पाळीच्या नियमाचं सांगितलं, घड्यांचं सांगितलं. तिनं रेकॉर्डर बंद केला नाही. माझं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "घाल की हा प्रश्न त्यात. एकच तर प्रश्न आहे."

"नाही घालता येत ताई. मूळ प्रश्नावली ज्यांची आहे त्यांची परवानगी फक्त भाषांतराची आहे. शब्द बदलता येतात, प्रश्न वाढवता येत नाही. तुमचं म्हणणं मी शेरा म्हणून लिहीन."

"आणि ते हिरवं पान? त्याचा उपचाराशी संबंध नाही म्हणालीस."

"नव्हताच," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते फाइलला कुणी लावलं तेच मला कळत नाही."

मला तिच्यावर आणखी रागवता आलं नाही. या सगळ्या प्रकरणात पाण्याचा प्रश्न तोंडानं विचारणारी ती एकटीच. पण तिनंही विचारला तो किडनी सुजल्यावर. तिचे आभार मानते, आणि तेवढ्यावरच थांबते.

रविवारी रंजना भेटायला आली. डब्यात मऊ खिचडी होती. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर सासूबाई बाहेर गेल्या तशी ती खाली वाकली. "ताई, मला पण जळजळतंय. दोन महिने झाले. गुरुवारी सुट्टी टाकून मी त्या टॅबवालीकडं जाऊन आले. सौम्य आलं."

"किती?"

"सहा." वर हसली. "तुमच्यापेक्षा एक जास्त."

तिला शिकवणारी मीच. मी खिचडीचा डबा झाकून ठेवला. ज्या गोष्टीचा मला इतकी वर्षं गर्व होता ती मी चाळीसएक मुलींना तरी शिकवली असेल. त्यातल्या किती जणी आज कुठल्या बाकावर बसून 'एक ते सहा' दाबत असतील, कोण जाणे. कंपनीला शिव्या घालते, टॅबला घालते, तेव्हा माझ्या वाट्याच्याही मी घेते.

महिनाभर घरी होते. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तीन लिटर पाणी. सासूबाईंनी तीन बाटल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी एखादी भरलेली दिसली की माझी खैर नसायची. इतकं पाणी पोटात जायची सवयच नाही, त्यामुळे दिवसाला दहा-अकरा फेऱ्या, रात्री दोनदा उठणं. आयुष्यभर दाबून धरलेली लघवीची पिशवी आता ऐकेना, बाथरूमच्या दारात थेंब निसटायचे. कापडाच्या घड्या मॅडमनी फेकायला लावल्या होत्या, म्हणून पॅड वापरत होते. पण आग गेली होती. लघवी पाण्यासारखी स्वच्छ होत होती. कमरेतली कळ गेली होती. किती वर्षांनी अंग हलकं वाटत होतं.

महिन्यानं तपासायला गेले. क्रिएटिनिन उतरलं होतं, कल्चरमध्ये जंतू नव्हता. अश्विनीनं टॅब पुढे केला. उपचारानंतरचा स्कोअर पण घ्यायचा असतो म्हणे. मी पुन्हा खरी उत्तरं दिली. किती वेळा जाता? अकरा. रात्री उठता? दोनदा. पोचायच्या आत होते? हो. पॅड? हो. रोजच्या कामावर परिणाम? महिनाभर घरी बसले होते, म्हणून 'खूप'. त्रास? आता तो सांगायला शिकले होते. सात.

चौकट नारिंगी आली. अठ्ठेचाळीसपैकी सत्तावीस. मध्यम ते तीव्र.

मी आजारी होते तेव्हा टॅबवर ठणठणीत होते. बरी झाले तेव्हा टॅबवर आजारी पडले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत तेच तरुण डॉक्टर. पान बघून त्यांची भुवई वर गेली. "सत्तावीस? मागे किती होता, पाच? वाढलाय की." मग रिपोर्ट बघितले. "रिपोर्ट तर एकदम छान आहेत. ठीक आहे, पाणी चालू ठेवा, पिशवीचे व्यायाम शिकून घ्या." आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाले, "तुम्हाला ती चिठ्ठी पाहिजे होती ना? आता देता येईल."

दिली. त्यांच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. 'सदर रुग्णास गरज पडेल तेव्हा लघवीस जाऊ द्यावे.' दोन महिन्यांपूर्वी ही ओळ मिळाली असती तर किडनीवर व्रण नसता. मी थँक्यू म्हटलं, कारण चिठ्ठी अजून त्यांच्या हातात होती.

आता तुम्हाला सांगायचं ते. जळजळ होत असेल, थेंब निसटत असतील, तर टॅब हातात घेण्याआधी डॉक्टरांना तोंडानं सांगा की मी पाणी पीत नाही आणि का पीत नाही. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. ते खाली बघत असले तरी सांगा. 'मी सांभाळून घेते' हे टॅबला कळत नाही. त्याला कळतं की बाईला काही होत नाही.

सोमवारी कामावर गेले. पवार साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, वर जाऊन दाखवून आले आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली. "लताताई, आता तुम्ही कधीपण जा. फक्त तुम्ही हं." बाकीच्या सात जणी हातातलं काम न थांबवता ऐकत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या माझ्याभोवती. चिठ्ठी कशी मिळते? मी सांगितलं, पंधरा दिवस पोटभर पाणी प्या, मग टॅब भरा, आपोआप मिळेल. सगळ्या हसल्या. रंजना हसली नाही.

"पण ताई," ती म्हणाली, "चिठ्ठी मिळेपर्यंत पंधरा दिवस पाणी पिऊन जायचं कुठं?"

सुट्टी संपली. तासाभरानं मी निघाले, पास घेतला, जाऊन आले. परत येताना टेबलापाशी थांबले नाही. पास खुंटीवर न लावता सरळ रंजनाच्या हातात दिला.

"लताताई, हे काय?" पवार साहेब उभे राहिले.

"माझीच फेरी चालू आहे साहेब," मी म्हणाले. "गरज पडेल तेव्हा, असं लिहिलंय. किती वेळा ते लिहिलेलं नाही. अजून सात वेळा पडणार आहे."

त्यांनी काचेखालची चिठ्ठी पुन्हा वाचली. त्यांच्या घरीही बायको आहे, मुलगी आहे. ते खाली बसले आणि रजिस्टर उघडलं. उद्या ते काय म्हणतील, वरचे काय म्हणतील, मला माहीत नाही. कदाचित हे तुम्ही वाचाल तेव्हा मी घरी बसलेली असेन. त्या दिवशी मात्र पास या हातातून त्या हातात फिरत राहिला, खुंटीवर गेला नाही.

चार वाजताच्या चहाच्या वेळी मी कूलरपाशी गेले. ग्लास काठोकाठ भरला आणि रंजनापुढे धरला.

"पी," मी म्हणाले.

तिनं आधी वळून खुंटीकडे बघितलं. ती रिकामी होती. पास माझ्या गळ्यात होता. मग तिनं ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि पुन्हा कूलरखाली धरला.